लांब टोल्याची काठी

‘ड्रायव्हर’ म्हटले की मोटारीचे चाक हाती धरलेला, खाकी कपड्यांतला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. गोल्फच्या मैदानावर मात्र ते एका काठीचे नाव आहे. खेळाडूच्या पिशवीतील सर्वांत लांब काठी ती ही. खेळाच्या आरंभी छोट्या खुंटीवर चेंडू ठेवून दूरच्या खळगीच्या दिशेने जो पहिला टोला हाणावयाचा, तो बहुधा हिनेच. ज्याने लहानपणी विटीदांडू खेळला आहे, त्याला या टोल्याची गोडी निराळी समजावून सांगावी लागणार नाही. दांडू जड असावा की हलका, लांब असावा की आखूड, यावर आपल्याकडे आळीआळीत वाद झाले आहेत. गोल्फमध्ये तोच वाद गेली पाचशे वर्षे चालू आहे आणि त्यात सुतार, राजे, कायदेपंडित, रबराचे कारखानदार आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक या सर्वांनी भाग घेतला आहे.

वादाचे मूळ साधे आहे. खेळाडूला दोन गोष्टी हव्या असतात. टोला लांब जावा, ही पहिली. आणि तो दर वेळी तसाच जावा, ही दुसरी. या दोघी एकमेकींच्या सवती. काठी लांब केली तर तिच्या डोक्याचा वेग वाढतो, पण चेंडू नेमका मध्यावर घेणे कठीण होते. दांडा लवचीक ठेवला तर फटक्याला झोक येतो, पण डोके किंचित उशिरा किंवा लवकर वळते आणि चेंडू झुडपात जातो. लांबी आणि सातत्य यांचा संसार एकाच काठीत कसा लावावा, हा ड्रायव्हरच्या निवडीचा खरा प्रश्न होय. त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. नवल असे की ती काठी करणाऱ्याने आपण होऊन क्वचितच बदलली. बहुतेक वेळा चेंडूने त्याला ती बदलावयास लावली.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली कायदा करून फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना बंदी केली. तरुणांनी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावणे राज्याच्या संरक्षणाला घातक आहे, असे राज्यकर्त्यांना वाटत होते. परंतु १५०२ साली याच देशाच्या राजाने, चौथ्या जेम्सने, पर्थ येथील एका कारागिराकडून गोल्फच्या काठ्या घेतल्या आणि त्यांचे १४ शिलिंग दिल्याची नोंद सरकारी जमाखर्चात राहिली. तो कारागीर धनुष्ये करणारा होता. हा योगायोग म्हणता येणार नाही. कोणते लाकूड किती वाकेल, वाकून किती वेगाने सरळ होईल आणि कोठे मोडेल, हे त्या काळी धनुष्यकाराइतके कोणाला ठाऊक असणार? १६०३ मध्ये सहाव्या जेम्सने आपला खास काठीकार नेमला, तो विल्यम मेनही धनुष्यकारच होता. पहिला ड्रायव्हर हा अशा रीतीने धनुष्याच्या घरात जन्मला.

त्या जुन्या काठीचे रूप आजच्या खेळाडूला ओळखू येणार नाही. तिचे डोके लांबट आणि अरुंद, होडीच्या नाळेसारखे निमुळते असे. ते सफरचंद, नासपती, बीच अशा झाडांच्या लाकडातून कोरीत. मागच्या बाजूस खाच पाडून त्यात शिसे ओतीत, म्हणजे वजन येई. खालच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत, म्हणजे जमिनीवर घासून लाकूड झिजत नसे. दांडा अ‍ॅशचा. दांडा आणि डोके दोन्ही तिरकी तासून सरसाने चिकटवीत आणि त्यावर डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळीत. सेंट अँड्र्यूज गावी ह्यू फिल्प नावाचा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा काठ्या करीत असे. त्यांचा घाट इतका देखणा की पुढे लोक त्या खेळण्याकरिता नव्हे तर संग्रहाकरिता शोधू लागले. अशा कारागिराकडे गिऱ्हाईक उभे राहिले की तो त्याची उंची, हाताची लांबी आणि फटक्याची ढब पाहून दांडा तासावयास घेई. ‘योग्य ड्रायव्हर कोणता’ हा प्रश्न त्या काळी दुकानदाराच्या डोळ्यांनी सुटत होता.

ही नाजूक काठी टिकली ती चेंडूच्या मऊपणामुळे. तो चेंडू पिसांचा होता. ओल्या चामड्याच्या पिशवीत उकडलेली हंसाची पिसे, टोपी भरेल इतकी, ठासून भरीत आणि तोंड शिवून टाकीत. चामडे वाळताना आकसे, पिसे वाळताना फुगत आणि दोहोंच्या ओढाताणीत चेंडू दगडासारखा घट्ट होई. तरीही फटक्याला तो किंचित दबत असे. एका कारागिराला दिवसाकाठी तीनचार चेंडूंपलीकडे मजल मारता येत नसे. साहजिकच चेंडू महाग पडे. पावसात भिजला की जड होई, शिवण उसवली की संपला. चांगला खेळाडू त्याने साधारण दीडशे ते पावणेदोनशे यार्ड मजल गाठी.

१८४८ च्या सुमारास या सुबत्तेत गट्टापर्चा आला. मलायातील झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की कडक. समुद्राखालून नेलेल्या तारायंत्राच्या पहिल्या तारांवर याच पदार्थाचे वेष्टन होते. तो गोल्फमध्ये कसा शिरला याची एक आख्यायिका सांगतात. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन कुटुंबाकडे विष्णूची एक मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती गट्टापर्चाचे तुकडे भरले होते. घरातील मुलाने ते वितळवून त्यांचा चेंडू केला. आख्यायिका गोड आहे आणि विष्णूच्या नावे आणखी एक अवतार जमा करण्याचा मोह कोणासही व्हावा; पण इतिहासाने तिला आख्यायिका म्हणूनच ठेवलेले बरे.

नवा चेंडू स्वस्त होता, पाण्याला भीत नव्हता आणि चेपला तर पुन्हा गरम करून वळता येई. गरिबाला हा खेळ परवडू लागला तो याच्यामुळे. पण ज्यांचे पोट पिसांवर चालत होते, त्यांच्यावर आकाश कोसळले. सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा अव्वल खेळाडू आणि पिसांच्या चेंडूंचा मोठा कारखानदार. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण शिकून तयार झाला होता. रॉबर्टसनने नव्या चेंडूशी उभे वैर धरले. मिळतील तेवढे गट्टापर्चाचे चेंडू विकत घेऊन तो जाळीत असे, असेही सांगतात. आपल्या दुकानातील कोणीही त्या चेंडूला हात लावणार नाही, असा त्याचा दंडक होता. एके दिवशी खेळता खेळता मॉरिसचे पिसांचे चेंडू संपले. सोबतच्या गृहस्थाने आपला गट्टापर्चाचा चेंडू देऊ केला आणि मॉरिसने तो घेतला. समोरून येणाऱ्या रॉबर्टसनच्या कानी ही वार्ता गेली. दुकानात दोघांची बोलाचाली झाली आणि मॉरिस त्या दुकानातून बाहेर पडला तो कायमचा.

१८५१ साली मॉरिस प्रेस्टविकला गेला. तेथेच १८६० मध्ये पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. त्या वेळी तो दुसरा आला. पुढे १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ या वर्षी त्याने ती जिंकली. रॉबर्टसनलाही अखेर नवा चेंडू पत्करावा लागला; १८५९ मध्ये तो वारला. गुरुशिष्यांच्या या भांडणात अन्याय कोणी केला हे ठरविणे सोपे नाही. रॉबर्टसनला चेंडूचे गुण कळत नव्हते असे नाही. त्याला ते फार लवकर कळले होते, म्हणूनच तो घाबरला.

आता काठीकारांची पाळी होती. गट्टापर्चा दबत नसे. त्याचा धक्का थेट लाकडात उतरे. फिल्पच्या घाटाची सुरेख, निमुळती डोकी मानेपाशी तडकू लागली. कारागिरांनी प्रथम डोक्याच्या पुढच्या बाजूस चामड्याचे ठिगळ बसवून पाहिले. मग डोकी आखूड, रुंद आणि उंच होत गेली. अ‍ॅशचा दांडा जाऊन अमेरिकेतील हिकरी या चिवट लाकडाचा दांडा आला. चेंडूच्या बाबतीत याच काळात एक गमतीची गोष्ट ध्यानात आली होती. नवा गुळगुळीत चेंडू हवेत भरकटे आणि डुबकी मारी. तोच चेंडू काठीचे घाव खाऊन खडबडीत झाला की झकास उडे. तेव्हा दुकानातच हातोडीने चेंडूवर खुणा ठोकण्याची पद्धत पडली. असे का होते, हे कोणाला सांगता येत नव्हते. कारागिराला कारण लागत नाही. गुण आला की त्याचे काम भागते.

१८८० नंतरच्या दशकात अशाच आडाख्याने आणखी एक मोठी सुधारणा झाली. तोपर्यंत ड्रायव्हरची चेंडूला भिडणारी बाजू सपाट किंवा किंचित आत गेलेली असे. आता ती बाहेर फुगवटा दिलेली करण्यात आली. या काठीला ‘बल्जर’ म्हणत. ती प्रथम कोणी केली यावर हेन्री लॅम्ब आणि धाकटे विली पार्क यांच्यात मानाचा वाद होता. फुगवट्याने सातत्य येईल हे वरकरणी उलटेच वाटते. सपाट फळीपेक्षा गोल पृष्ठावरून चेंडू अधिक भरकटावयास हवा. प्रत्यक्षात घडते ते असे : चेंडू मध्यावर न बसता डोक्याच्या टोकाकडे बसला म्हणजे डोके बाहेरच्या अंगाला वळते आणि दातेरी चाकाने शेजारचे चाक उलट फिरवावे तसा चेंडू उलट दिशेने गिरकी घेतो. ही गिरकी त्याला आतल्या बाजूस ओढते. बाजू फुगीर असेल तर चेंडू निघतानाच थोडा बाहेर निघतो आणि गिरकीने वळून पुन्हा मध्यरेषेकडे येतो. एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघते. आज संगणकावर आखलेल्या ड्रायव्हरलाही हा फुगवटा असतोच.

गणिताने या खेळात पाऊल टाकले ते एडिंबरो विद्यापीठात. पीटर गथ्री टेट हे तेथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. लॉर्ड केल्विन यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा भौतिकशास्त्राचा ग्रंथ १८६७ साली प्रसिद्ध झाला आणि त्या विषयाचा पाया मानला गेला. टेट यांना गोल्फचे वेड होते. त्यांचा मुलगा फ्रेडरिक हा तर पुढे १८९६ आणि १८९८ अशी दोन वर्षे हौशी खेळाडूंचे विजेतेपद मिळविणारा पटाईत खेळाडू. वडिलांनी गणित मांडून सिद्ध केले की चेंडू हवेतून अमुक यार्डांपलीकडे जाणेच शक्य नाही, आणि लगोलग मुलाने तो त्याच्या कितीतरी पलीकडे मारून दाखविला, अशी गोष्ट गोल्फच्या जगात मोठ्या चवीने सांगितली जाते. मुलाचा टोला खरा आहे. १८९३ च्या जानेवारीत सेंट अँड्र्यूजच्या गोठलेल्या मैदानावर फ्रेडरिकने मारलेला चेंडू हवेतून सुमारे २५० यार्ड गेला आणि घरंगळत ३४१ यार्डांवर थांबला. परंतु गोष्टीतील वडील खऱ्या वडिलांवर अन्याय करतात.

टेट यांना कोडे पडले होते ते वेगळेच. चांगला टोला हवेत सहासहा सेकंद तरंगतो. नुसत्या वेगाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब केला तर तो इतका वेळ वर राहू शकत नाही. मग त्याला वर धरतो कोण? टेट यांनी उत्तर दिले : उलटी फिरकी. क्रिकेटमुळे फिरकी हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. गोल्फमध्ये काठीची बाजू थोडी मागे कललेली असल्याने चेंडू पुढे जाताना मागच्या बाजूस फिरत असतो. वरच्या अंगाची हवा तो जोराने मागे लोटतो, खालच्या अंगाची अडवितो, आणि त्यातून वर उचलणारा जोर उत्पन्न होतो. ही फिरकी मोजण्यासाठी टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधली, तो टोलावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. इतक्या साध्या साधनाने इतका खोल निष्कर्ष क्वचितच निघाला असेल. टोल्याची लांबी केवळ मनगटातील ताकदीवर नाही. चेंडू किती वेगाने, किती अंशांनी आणि किती फिरकीने निघतो, या तिहींच्या मेळावर आहे. फिरकी कमी पडली तर चेंडू अकाली पडतो, फाजील झाली तर पतंगासारखा वर चढून जागच्या जागी उतरतो. काठीच्या निवडीचे सारे आधुनिक शास्त्र या वाक्यांत बीजरूपाने आहे. पण त्याचा उपयोग करणारे उपकरण जन्मास यावयाला शंभर वर्षे होती. फ्रेडरिक टेट १९०० च्या फेब्रुवारीत बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत मारला गेला. पुढच्याच वर्षी, १९०१ च्या जुलैत, वडिलांचाही अंत झाला.

इकडे चेंडू पुन्हा बदलला होता. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी रबराच्या कारखान्यात मित्राची वाट पाहत बसलेल्या कोबर्न हॅस्केलला तेथे पडलेले रबराचे धागे दिसले. ते ताणून गुंडाळले तर झकास उसळणारा चेंडू होईल असे त्याच्या मनात आले, असे सांगतात. १८९८ सालची ही गोष्ट. १९०२ मध्ये सँडी हर्ड या खेळाडूने हॉयलेकला हाच चेंडू वापरून ओपन स्पर्धा जिंकली आणि गट्टापर्चाचे दिवस भरले. नवा चेंडू सळसळता होता, त्याला टणक लाकूड मानवे. ते अमेरिकेत मिळाले : पर्सिमन. कापडगिरण्यांतील धोटे या लाकडाचे करीत, कारण हजारो धक्के खाऊनही ते चिरत नाही. हे झाड आपल्याला वाटते तितके परके नाही. ज्याच्या पानांत तंबाखू गुंडाळून आपल्याकडे विडी वळतात, त्या टेंभुर्णीच्या गोत्रातलेच ते. पुढची सुमारे ऐंशी वर्षे जगातले बहुतेक लांब टोले टेंभुर्णीच्या या अमेरिकी भावंडाने मारले. अ‍ॅल्युमिनियमचे प्रयोगही झाले होते. सुंदरलँडचा विल्यम मिल्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅल्युमिनियमच्या डोक्याच्या काठ्या विकत असे. पण त्याचे नाव राहिले ते पहिल्या महायुद्धातील ‘मिल्स बाँब’ या हातगोळ्यामुळे.

लाकडी दांड्याच्या काळाचे अखेरचे वैभव म्हणजे बॉबी जोन्स. हा अमेरिकी वकील जन्मभर हौशी म्हणून खेळला आणि १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिका येथील चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. त्याच्या ड्रायव्हरचे नाव ‘जीनी डीन्स’ होते. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतील सरळमार्गी नायिकेवरून त्याने ते ठेवले होते. हिकरीचे कोणतेही दोन दांडे सारखे नसतात. एक अधिक पिळतो, एक अधिक वाकतो. शेकडो दांडे हातात घेऊन, झुलवून, नाकारून जोन्सने आपला संच जमविला. पुढे त्या काठ्यांची यंत्रावर तपासणी झाली तेव्हा एक सोडून बाकी सर्वांचा लवचीकपणा आश्चर्य वाटावे इतका जुळला. आणि ती एक काठी म्हणजे जोन्सला नेहमी त्रास देणारी, असेही सांगतात. ऐकीव म्हणून ही हकीकत सोडून द्यावी, तरी जोन्सच्या हाताबद्दल ज्यांनी वाचले आहे त्यांना ती अशक्य वाटणार नाही.

पोलादी दांड्याला अमेरिकेने १९२४ साली आणि सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ साली मान्यता दिली. १९३१ मध्ये बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकी ओपन स्पर्धा जिंकली. पोलाद पिळत नाही आणि कारखान्यातून हजारो दांडे एकसारखे निघतात. सातत्य मिळाले; पण गिऱ्हाइकाला पाहून दांडा तासणारा माणूस दुकानातून नाहीसा झाला. यापुढे काठ्यांना जुनी गोड नावे जाऊन आकडे आले, आणि खेळाडूला कारखान्याने ठरविलेल्या मापाशी आपले अंग जुळवून घ्यावे लागले. जाकीट शिवणारा शिंपी जाऊन तयार कपड्यांचे दुकान आले, तशातलाच हा प्रकार.

या काळातील एक टोला येथे सांगण्याजोगा आहे. १९६३ साली डॅलस येथे, व्यावसायिकांच्या स्पर्धेच्या वेळी झालेल्या लांब टोल्याच्या चुरशीत जॅक निकलस या तेवीस वर्षांच्या खेळाडूने पर्सिमनच्या ड्रायव्हरने चेंडू ३४१ यार्ड आणि १७ इंच मारला. फ्रेडरिक टेटचा १८९३ सालचा आकडाही ३४१ यार्डांचाच होता. सत्तर वर्षे गेली, चेंडू बदलला, दांडा बदलला, डोके बदलले आणि आकडा तेथेच! अर्थात हा आकड्याचा फसवेपणा आहे. टेटचा चेंडू शेवटचे नव्वदएक यार्ड गोठलेल्या जमिनीवरून घरंगळला होता. दुकानात आकडे ऐकून ड्रायव्हर घेणाऱ्याने ही जोडगोळी ध्यानात ठेवावी.

१९६८ मध्ये अ‍ॅलस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचा ग्रंथ निघाला. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी टोल्याचा कसून अभ्यास केला होता, त्याचे हे फळ. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श जेमतेम एका सेकंदाचा दोनहजारावा भाग टिकतो, हे त्यात दाखविले होते. तेवढ्या वेळात खेळाडूच्या हातांना काही समजण्यापूर्वी चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे त्या क्षणी जे काही सांभाळावयाचे ते डोक्याने, म्हणजे काठीच्या डोक्याने, सांभाळावयाचे. चेंडू मध्यापासून अर्धा इंच सरकून बसला तर डोके वळू नये याची तजवीज आधीच करून ठेवली पाहिजे. ती कशी करावी हे कार्स्टेन सोल्हाइम या अभियंत्याने दुसऱ्या प्रकारच्या काठ्यांत दाखवून दिले होते : वजन मध्यावर न ठेवता कडांना न्यावे. डोंबारी तोल सांभाळताना हातात लांब बांबू आडवा धरतो, त्याच न्यायाने. भरीव लाकडात हे साधत नाही. त्याला पोकळ डोके हवे, आणि पोकळ डोक्याला धातू हवा.

ते डोके आले १९७९ मध्ये. इलिनॉय राज्यातील गॅरी अ‍ॅडम्स हा काठ्या विकणारा गृहस्थ होता. बाजारात आलेले नवे, एकसंध गाभ्याचे चेंडू लोखंडी काठ्यांनी अधिक दूर जातात, पण लाकडी ड्रायव्हरने त्यांना तसा लाभ होत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. पुन्हा चेंडूनेच काठीला वाट दाखविली! घरावर कर्ज काढून त्याने पोलादाच्या पोकळ डोक्याचा ड्रायव्हर काढला. त्याला लोक ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणू लागले. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर; आपल्याकडे एखाद्याने लोखंडी कपाटाला ‘जमशेदपुरी सागवान’ म्हणावे तसे हे झाले. जुने खेळाडू त्याच्या टणत्काराला नाके मुरडीत. परंतु १९८१ मध्ये रॉन स्ट्रेक या खेळाडूने या जातीचा ड्रायव्हर घेऊन ह्यूस्टनची व्यावसायिक स्पर्धा जिंकली आणि हसणारे थांबले. धातूच्या या काठीला आजही ‘वुड’ म्हणजे लाकूडच म्हणतात. भाषा खेळाडूंपेक्षा सनातनी असते.

पुढची वाटचाल वेगाची आहे. कापडधंद्यातून द्राक्षमद्याकडे आणि तेथून गोल्फकडे वळलेल्या इली कॅलवे यांनी १९९१ साली १९० घन सेंटिमीटरचे पोलादी डोके बाजारात आणले आणि पहिल्या महायुद्धातील जर्मन तोफेवरून त्याला ‘बिग बर्था’ नाव दिले. १९९५ मध्ये टायटॅनियमने ते २५० पर्यंत नेले. टायटॅनियम हलके आणि चिवट. त्यामुळे सुमारे २०० ग्रॅम वजनातच डोके फुगविता आले, वजन कडांना आणि मागे नेता आले, आणि चुकलेल्या फटक्याची शिक्षा सौम्य झाली. त्यातच एक अनपेक्षित गुण हाती लागला. चेंडूला भिडणारी बाजू पातळ केली की ती आघाताने किंचित आत दबते आणि चटकन परत येते. त्यामुळे चेंडू स्वतः कमी चेपतो, आणि चेपण्यात वाया जाणारी शक्ती वाचते. लाकडाला हे कधीच जमले नव्हते.

नियम करणाऱ्यांना आता धास्ती पडली. मैदाने लहान पडू लागली तर शंभर वर्षांच्या जुन्या मैदानांचे करावयाचे काय? अमेरिकी संस्थेने १९९८ मध्ये या उसळीला मर्यादा घातली : शंभराच्या वेगाने आदळलेला चेंडू त्र्याऐंशीहून अधिक वेगाने परतता कामा नये. २००० साली मर्यादेपलीकडचा एक ड्रायव्हर कॅलवे यांनी तरीही विकावयास काढला आणि मोठे वादळ उठले. साध्या हौशी माणसाला चार यार्ड जास्त मिळाले तर खेळाचे काय बिघडते, असे त्याची बाजू घेणाऱ्या आर्नल्ड पामर यांचे म्हणणे होते. पामरसारख्या लोकप्रिय खेळाडूने असे म्हणावे याचे अनेकांना दुःख झाले. पण प्रश्न खोटा नव्हता आणि त्याचे समाधानकारक उत्तरही कोणी दिले नाही. २००४ पासून डोक्याचा आकार ४६० घन सेंटिमीटर आणि काठीची लांबी ४८ इंच अशी कमाल मर्यादा ठरली. २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ इंचांवर आणण्याची मुभा मिळाली.

काठ्यांना अशी कुंपणे पडल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. सगळ्या कारखान्यांचे ड्रायव्हर कुंपणाला टेकले, आणि निवडीचा प्रश्न पुन्हा काठीकडून माणसाकडे आला. २००३ मध्ये डेन्मार्कात स्थापन झालेल्या एका कंपनीने रडारच्या साहाय्याने चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारे यंत्र काढले. तशी यंत्रे आता दुकानांतून बसली आहेत. टेट यांनी फितीचे पीळ मोजून जे काढले, ते यंत्र क्षणात पडद्यावर दाखविते. त्यातून कित्येक लाडके समज मोडले. बाजू जितकी उभी तितका टोला लांब, या समजुतीने मंद फटक्याचे खेळाडू वर्षानुवर्षे आठनऊ अंश कलाचा ड्रायव्हर अभिमानाने बाळगीत आले. त्यांना बारा अंशांची काठी दिली की चेंडू अधिक वर आणि अधिक दूर जातो. आपल्या पिशवीत बारा अंशांचा ड्रायव्हर आहे हे चारचौघांत सांगावयास मात्र त्यांना संकोच वाटतो. लांब दांड्याचेही तसेच. कित्येक व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हर दुकानात टांगलेल्या ड्रायव्हरपेक्षा आखूड असतो, कारण मध्यावर बसलेल्या टोल्याची लांबी, कडेला बसलेल्या वेगवान टोल्याहून अधिक भरते. अंगाने धिप्पाड पण संथ फटक्याचा माणूस मऊ दांडा घेऊन जातो आणि किरकोळ दिसणारा तरुण ताठ. फिल्पच्या दुकानात हे डोळ्यांनी होत असे.

हा खेळ आपल्या देशात ब्रिटिशांबरोबर फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. गट्टापर्चाचा चेंडू जन्मास येण्यापूर्वी, पिसांचे महागडे चेंडू आणि फिल्पच्या काळच्या लांबनाक्या काठ्या यांचाच तो जमाना होता. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातही गोल्फचे मैदान आहे आणि तेथे येणाऱ्या आजच्या खेळाडूच्या पिशवीतही तेच ४६० घन सेंटिमीटरचे टायटॅनियमचे डोके असते.

२०२२ मध्ये चेंडूला भिडणारी बाजू कार्बनच्या धाग्यांची केलेले ड्रायव्हर बाजारात आले आणि धातूच्या राज्यालाही वाटेकरी निर्माण झाला. लांबीची चिंता मात्र नियामकांना सोडीना. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही संस्थांनी टोल्याची लांबी आटोक्यात आणण्यासाठी नवा निर्णय जाहीर केला. ड्रायव्हरला त्यांनी हात लावला नाही. कडक केली ती चेंडूची कसोटी.